दया न करणारा दोस्त

दोन एकदम उलट स्वभावाची माणसं, परिस्थितीमुळे एकमेकांच्या गळ्यात पडतात, आधी अजिबात पटत नाही, मग एखादी रात्र अशी येते की दोघं मोकळं बोलतात, मग घट्ट दोस्ती, मग पिक्चर संपायच्या अर्धा तास आधी ताटातूट, आणि मग पुन्हा भेट. ह्या साच्यातले पिक्चर मी ढिगाने बघितलेत आणि अजूनही बघते, पोस्टर बघूनच शेवट कळतो तरी बघते. पण त्यातले बरेचसे दोन दिवसांनी आठवतही नाहीत. एक मात्र डोक्यातून जात नाही, आणि का जात नाही ते आज नीट लिहून काढायचं ठरवलंय. फ्रेंच पिक्चर आहे, २०११चा, ‘द इन्टचेबल्स’. ऑलिव्हिए नाकाश आणि एरिक टोलेडानो ह्या जोडीने लिहिलाय आणि डायरेक्ट केलाय. पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे, शेवटासकट, त्यामुळे बघितला नसेल तर आधी बघून या, खरंच.

गोष्ट चार ओळींची आहे. फिलीप हा पॅरिसमधला गडगंज श्रीमंत, खानदानी माणूस, पॅराग्लायडिंगच्या अपघातानंतर मानेखालचं काही हलत नाही. त्याला चोवीस तास सोबत राहणारा केअरटेकर हवाय. ड्रिस हा पॅरिसबाहेरच्या गरीब वस्तीतला, नुकताच जेलमधून सुटलेला तरुण, मूळचा सेनेगलचा. तो इंटरव्ह्यूला येतो ते नोकरी मागायला नाहीच. बेकारभत्ता चालू राहायचा तर ‘नोकरी शोधली पण मिळाली नाही’ असा पुरावा लागतो, त्यासाठी त्याला फक्त एक सही हवी असते. आणि फिलीप त्यालाच ठेवून घेतो.

तो इंटरव्ह्यूचा सीन बघाच. बाहेर सगळे उमेदवार टापटीप कपड्यांत ओळीने बसलेत, सर्टिफिकेटं घेऊन, आणि आत गेल्यावर प्रत्येकाची तीच पाठ केलेली उत्तरं, मला माणसांची सेवा करायला आवडते, अपंगांना समाजात सामावून घेतलं पाहिजे, वगैरे वगैरे. फिलीप समोर बसून हे ऐकतोय आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी मरगळ, की हे सगळं शंभर वेळा ऐकून झालंय. मग ड्रिस रांग तोडून आत घुसतो, कागद पुढे करतो, सही द्या म्हणतो. फिलीप रेफरन्स विचारतो तर हा ‘कूल अँड द गँग’ आणि ‘अर्थ, विंड अँड फायर’ ह्या बँडची नावं सांगतो. बर्लिओझचा विषय निघतो, तर बर्लिओझ म्हणजे ड्रिसच्या भागातली एक बिल्डिंग. फिलीपला वाटतं ह्या पोराला एकोणिसाव्या शतकातला तो मोठा संगीतकार कुठून माहीत असणार, म्हणून तो समजावून सांगायला लागतो, आणि ड्रिस त्याला तिथल्या तिथे गप्प करतो की अहो मला माहितीये, मी गंमत करत होतो, गंमत तुमच्या डोक्यावरून जाते. बास, तिथेच फिलीपचे डोळे बदलतात. सही आज नाही देत, उद्या सकाळी या म्हणतो. किती दिवसांनी कोणीतरी त्याची टिंगल केलेली असते!

आणि इथेच मला जे म्हणायचंय ते सुरू होतं. असल्या पिक्चरमध्ये बहुतेक वेळा एकजण शिकवणारा असतो आणि दुसरा शिकणारा, गरीब माणूस येतो आणि श्रीमंताला ‘जगायला’ शिकवतो, नाहीतर श्रीमंत येतो आणि गरिबाला सुधारतो. इथेही थोडंफार ते आहेच, नाही कशाला म्हणू, पण दोस्ती उभी आहे ती त्यावर नाही. ती उभी आहे एका छोट्या, अगदी रोजच्या गोष्टीवर. मध्यंतरी फिलीपचा एक जवळचा माणूस, त्याच वर्गातला, काळजीने येऊन त्याला सांगतो की अरे ह्या मुलाची माहिती काढली मी, ज्वेलरीचं दुकान फोडून सहा महिने आत होता, जपून राहा, वस्तीतल्या ह्या पोरांना दयामाया नसते. आणि फिलीप म्हणतो की तेच तर हवंय मला, दया नकोच आहे. म्हणतो, हा मुलगा मला सारखा फोन हातात द्यायला बघतो, का माहितीये, कारण तो विसरतो.

विसरतो! म्हणजे समोरचा माणूस हात हलवू शकत नाही हेच त्याच्या लक्षात राहत नाही. मी हा पिक्चर कितीही वेळा बघितला तरी त्या वाक्यापाशी थांबते, कारण बाकी सगळं जग फिलीपकडे बघताना आधी खुर्ची बघतं आणि मग माणूस, आणि हा एकटाच असा आहे की ज्याला खुर्ची दिसायचीच बंद झालीये.

मला हे इतकं भिडतं त्याला घरचं कारण आहे. माझ्या मावशीला पॅरालिसिस झाला, त्यानंतर ती बरीच वर्षं अंथरुणावर होती. बोलणं स्पष्ट, डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घ्यायची आमच्याकडून. भेटायला लोक यायचे, तिच्याच उशाशी बसायचे आणि माझ्या आईला विचारायचे, ‘जेवतात का त्या? झोप लागते का?’ अहो त्या समोर आहेत, त्यांना विचारा ना! सगळी चांगली माणसं होती, मनापासून वाईट वाटायचं त्यांना, पण ते गेल्यावर मावशी भिंतीकडे तोंड करून पडायची. आणि माझा मामेभाऊ यायचा, तिचा भाचा, तो दारातूनच ओरडायचा, ‘आत्या, झोपलीस काय, चल पत्ते वाट!’ आणि ती म्हणायची, ‘मेल्या, हाताने वाटू का दाताने?’ आणि मग दोघं असे हसायचे की शेजारचे बघायला यायचे. तो तिचे पत्ते तिच्यासमोर उशीला टेकवून उभे करायचा आणि वर तिचे पत्ते बघून चिटिंगही करायचा, आणि ती त्याला पकडायची. त्याने तिची सेवा वगैरे काही केली नाही, खाऊपिऊ आम्हीच घालायचो, पण ती वाट बघायची ती त्याची.

त्यामुळे ड्रिस जेव्हा फिलीपच्या पायावर गरम चहा ओततो तेव्हा मला धक्का बसत नाही. आधी चुकून सांडतो, मग ह्याला काहीच जाणवत नाही हे बघून तो मुद्दाम पुन्हा थोडा ओतून बघतो, लहान मुलासारखा, डोळे मोठे करून. खूप लोकांना तो सीन क्रूर वाटतो आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण नीट बघा, त्या घरातल्या बाकी कोणी कधी फिलीपला ‘तुम्हाला खरंच काहीच कळत नाही का तिथे?’ असं सरळ विचारलं असेल? सगळे त्या विषयाभोवती पाय न वाजवता फिरतात. ह्याला उत्सुकता वाटली, ह्याने करून बघितलं. आर्ट गॅलरीतला चॉकलेटचा जोकही तसाच, ड्रिस स्वतः खातोय, फिलीप मागतो तर देत नाही, हात नाहीत तर चॉकलेट नाही, असं म्हणून स्वतःच खदखदून हसतो. कागदावर वाचलं तर चीड येईल असा जोक आहे. पिक्चरमध्ये तो चालतो कारण फिलीपला त्यात वेगळी वागणूक मिळत नाही, दोन मित्र एकमेकांना जसं पिडतात तसंच त्यालाही पिडलं जातं.

आणि उलट बाजूनेही बघा, फिलीपही ड्रिसवर दया करत नाही. महिनाभर ट्रायल, आणि पैज लावतो की तू दोन आठवडेही टिकणार नाहीस. ड्रिसने पहिल्या दिवशी घरातून एक फॅबर्जे एग (शोभेचं, भारी किमतीचं अंडं) उचललेलं असतं, ते फिलीपला त्याच्या बायकोने दिलेलं असतं, फिलीपला ते कळतं, आणि तो पोलीस बोलवत नाही पण माफ करून मोठेपणाही मिरवत नाही, सरळ सांगतो की ते परत आण.

फिलीपचं काम करणाऱ्या फ्रान्स्वा क्लुझेबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा माणूस पूर्ण पिक्चर फक्त मानेच्या वर अॅक्टिंग करतो. हात नाही, खांदा नाही, चाल नाही, कॉमेडीत जे जे लागतं त्यातलं काहीच नाही. आणि तरी हसवतो. त्याचं हसू बघा कसं आहे, आधी ओठ घट्ट धरून ठेवलेले, मग नाकातून थोडी हवा, मग डोळे, आणि मग ते सुटतं आणि थांबतच नाही. ऑपेराचा सीन घ्या, स्टेजवर एक माणूस झाडाच्या वेषात येऊन जर्मनमध्ये गायला लागतो आणि ड्रिसला हसू आवरत नाही, झाड गातंय म्हणून, आणि आजूबाजूचे सगळे सभ्य लोक वळून बघतायत. फिलीप आधी त्याला गप्प करायला बघतो आणि मग हळूहळू त्याचाही चेहरा फुटायला लागतो. त्याला ऑपेरा मनापासून आवडतो, ते काही ढोंग नाहीये, पण झाड गातंय हेही खरंच आहे ना!

ड्रिस झालेल्या ओमार सीची गोष्ट वेगळी. तो टीव्हीवरच्या कॉमेडीतून आलेला, स्वतः पॅरिसजवळच्या ट्राप नावाच्या गावात वाढलेला, आईवडील पश्चिम आफ्रिकेतून आलेले. ह्या डायरेक्टर जोडीने त्याच्याबरोबर आधीही काम केलं होतं आणि हा रोल त्याच्यासाठीच लिहिला. पुढे २०१२च्या सेझार अवॉर्ड्समध्ये, म्हणजे फ्रान्सच्या सगळ्यात मोठ्या फिल्म अवॉर्ड्समध्ये, त्याला बेस्ट अॅक्टर मिळालं, हे अवॉर्ड मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय नट, आणि कोणाला मागे टाकून, तर त्याच आठवड्यात ‘द आर्टिस्ट’साठी ऑस्कर घेणाऱ्या झाँ दुजार्दँला! फिलीपच्या वाढदिवसाच्या पार्टीत आधी ऑर्केस्ट्रा फिलीपच्या आवडीचं क्लासिकल एकामागून एक वाजवतो आणि ड्रिस प्रत्येक तुकड्यावर कॉमेंट करतो, हे जाहिरातीतलं, हे कार्टूनमधलं, आणि मग तो आपलं गाणं लावतो, ‘बूगी वंडरलँड’, आणि नाचतो. तो नाच बघितला नसेल तर तुम्ही काय बघितलंत! ताठ बसलेले सगळे पाहुणे हळूहळू उठायला लागतात, ऑफिसातली माणसं, नोकरमाणसं, सगळे, आणि कॅमेरा मधूनमधून फिलीपकडे जातो जो नाचू शकत नाही पण त्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त मजा त्यालाच येतेय हे स्पष्ट दिसतं.

हसण्याच्या मधे एक रात्र आहे. फिलीपला झोपेत श्वास लागतो, तडफड होते, ड्रिस धावत येतो, औषध वगैरेच्या भानगडीत न पडता त्याला बाहेर घेऊन जातो, पहाटेच्या पॅरिसमध्ये फिरवायला. तिथे फिलीप बायकोबद्दल बोलतो, ती आजारी असतानाची वर्षं, तिचं जाणं, आणि म्हणतो की माझं खरं अपंगत्व ही खुर्ची नाही, ती नसणं आहे. ड्रिस त्यावर सांत्वनाचं काही बोलत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याला कोणी दुःख सांगितलं की आपण लगेच काहीतरी चांगलं वाक्य शोधायला लागतो.

मग ती पत्रं. फिलीपचा एलेओनोर नावाच्या बाईशी सहा महिने पत्रव्यवहार चाललाय, सेक्रेटरीला कविता डिक्टेट करतो, एकदम साहित्यिक, आणि भेटायचं नाव नाही. ड्रिस वैतागून सरळ फोनच लावतो. ती फोटो मागते, फिलीप खुर्चीतला फोटो पाठवायचं ठरवतो आणि ऐन वेळी गुपचूप अपघाताच्या आधीचा फोटो पाठवायला सांगतो. आणि भेट ठरल्यावर कॅफेत थांबून थांबून धीर सुटतो, तिथून निघून जातो, आणि नेमकी तेव्हाच ती येत असते. इतका श्रीमंत, इतका शिकलेला, बोलण्यात कोणाला हार न जाणारा माणूस, पण भीती कशाची तर तिच्या चेहऱ्यावर दया दिसेल ह्याची. म्हणून शेवटी ड्रिस जे करतो ते मला पटतं. समुद्रकाठच्या त्या रेस्टॉरंटमध्ये तो फिलीपला टेबलाशी बसवतो आणि मी जेवायला थांबत नाही म्हणून निघून जातो, आणि समोरून एलेओनोर येते, न विचारता ठरवलेलं सगळं. विचारलं असतं तर फिलीप नाहीच म्हणाला असता. न विचारता कोणासाठी असं काही करायचा हक्क दोस्तालाच असतो, केअरटेकरला नसतो.

आता जे खटकतं तेही लिहिते. ड्रिसचं घर पिक्चरमध्ये फारच थोडं आहे. छोटासा फ्लॅट, पोरंच पोरं, एकच बाथरूम, त्यात आंघोळ करताना सारखं कोणीतरी आत येतंय, आणि नंतर फिलीपच्या बंगल्यात त्याला स्वतःचा प्रशस्त बाथटब दिसतो तेव्हा तो कसा बघत राहतो, हे दोन सीन एकमेकांशेजारी ठेवलेत ते फार छान आहे. ज्या बाईला तो आई म्हणतो ती खरं तर काकू, मूल नव्हतं म्हणून त्याला सेनेगलहून आणलं आणि मग त्यांना स्वतःची मुलं झाली, हेही एका सीनमध्ये कळतं. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण तिथे पिक्चर थांबत नाही, फिलीपच्या घरात परत पळतो. फिलीपचं दुःख आपल्याला खोलात जाऊन दाखवतात आणि ड्रिसचं वरवर. अमेरिकेत काही समीक्षकांनी ह्यावर कडक टीका केली, की गोऱ्या श्रीमंताला हसवणारा, नाचून दाखवणारा काळा नोकर हे जुनंच चित्र आहे. मला ती टीका पूर्ण मान्य नाही, कारण ड्रिस कोणापुढे वाकत नाही आणि पिक्चरमधला सगळ्यात हुशार विनोद त्याचाच आहे, पण त्यात तथ्य नाही असंही म्हणवत नाही. ती काकू रात्री कामावरून येते, ऑफिसं साफ करून, तिच्याबरोबर दहा मिनिटं जास्त दिली असती तर पिक्चर अजून मोठा झाला असता.

शिवाय ड्रिस ज्याच्यावर बेतलाय तो खरा माणूस सेनेगलचा नव्हताच. हो, पिक्चर खऱ्या गोष्टीवर बेतलेला आहे. फिलीप पोझ्झो दि बोर्गो हे पोमेरी ह्या शँपेन कंपनीत वरच्या पदावर होते, १९९३मध्ये पॅराग्लायडिंग करताना पडले, आणि १९९६मध्ये बायको गेली. अब्देल सेलू हा त्यांचा केअरटेकर, अल्जीरियात जन्मलेला, जेल बघून आलेला. २००१मध्ये पोझ्झो दि बोर्गोंनी पुस्तक लिहिलं, मग त्या दोघांवर एक डॉक्युमेंटरी झाली, ती बघून नाकाश आणि टोलेडानोंच्या डोक्यात पिक्चर आला. आणि पोझ्झो दि बोर्गोंची अट काय होती, तर पिक्चर विनोदीच झाला पाहिजे. ज्याच्यावर बेतलेला आहे तोच माणूस सांगतोय की मला रडका करू नका! शेवटी श्रेयनामावलीच्या आधी ते दोघं खरेखुरे दिसतात, तेव्हा थिएटरमधून उठायची घाई करू नये. पोझ्झो दि बोर्गो नंतर मोरोक्कोत राहायला गेले, तिथे पुन्हा लग्न केलं, आणि २०२३मध्ये वारले. अब्देलनेही २०१२मध्ये स्वतःची बाजू सांगणारं पुस्तक लिहिलं.

फ्रान्समध्ये ह्या पिक्चरची १ कोटी ९० लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली, देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण साडेसहा कोटी. म्हणजे घरटी कोणी ना कोणी बघून आलंच असणार. कुठलाही मोठा हॉलिवूड स्टार नाही, विषय व्हीलचेअर, बेकारी आणि मरण, आणि लोक हसत बाहेर पडतायत.

रीमेक बरेच झाले. अर्जेंटिनात २०१६मध्ये झाला. अमेरिकेचा ‘द अपसाइड’ २०१९ला रिलीज झाला, ब्रायन क्रॅन्स्टन आणि केव्हिन हार्ट, दोघंही चांगले नट आहेत पण तिथे सगळ्या भावना बोलून दाखवतात, त्यामुळे मला तो कोरडा वाटला. आपल्याकडे वंशी पैडिपल्लीने २०१६मध्ये तेलुगूत ‘ऊपिरी’ आणि तमिळमध्ये ‘तोळा’ एकाच वेळी केला, नागार्जुन खुर्चीत आणि कार्ती केअरटेकर, आणि तो मला अमेरिकनपेक्षा कितीतरी जास्त आवडला. गाणी आहेत, लांबी आहे, पण नागार्जुनने आपलं स्टारपण बाजूला ठेवून नुसत्या चेहऱ्यावर जे केलंय ते बघण्यासारखं आहे, आणि कार्तीच्या घरच्या माणसांना तिथे मूळ पिक्चरपेक्षा जास्त जागा दिलीये, म्हणजे माझी जी तक्रार होती ती ह्यांनी थोडी भरून काढली. तेव्हा आधी फ्रेंच बघा, सबटायटल लावून, डब केलेला नको कारण ओमार सीचा आवाज आणि हसणं त्यात जातं, आणि मग आठवडाभराने ‘ऊपिरी’. आणि बघून झालं की चहाच्या सीनबद्दल तुम्हाला काय वाटलं ते मला नक्की सांगा, त्यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.